रिकाम्या बरणीतली ओ

दोन हजार तीन सालच्या डिसेंबरात, एका शनिवारी, मिशिगनमधल्या ट्रॉय गावी राहणारा गुरुनाथ बिराजदार स्लीपिंग बॅग घ्यायला घराबाहेर पडला. साधीसुधी नव्हे, बर्फाच्या डोंगरावर जाणारे लोक घेतात तसली. दुकानातल्या माणसानं कौतुकानं विचारलं, कुठल्या माउंटनवर चाललात? गुरुनाथ म्हणाला, ड्राइव्हवेवर. त्या माणसाला तो विनोद वाटला. गुरुनाथनंही हसून पैसे दिले, कारण खरं सांगायला बसला असता तर ती बॅग तिथंच राहिली असती.

खरं असं होतं, की गुरुनाथची आई गिरजाबाई सप्टेंबरात लातूरकडून आली होती, आणि आल्या दिवसापासून घरात झोपायला तयार नव्हती. दिवसभर घरात वावरायची, भाकरी थापायची, नातीची वेणी घालायची. अंधार पडला की चादर बगलेत मारून बाहेर. छपराखाली डोळा लागत नाही, एवढंच तिचं म्हणणं. आधी ती मागच्या डेकवर झोपली, मग थंडी पडल्यावर ड्राइव्हवेवर उभ्या असलेल्या मिनीव्हॅनमध्ये. गुरुनाथनं भिंत टकटक वाजवून दाखवली, की आई, ही घरं लाकडाची आणि पुठ्ठ्याची, यात दगडच नाही. ती भिंतीकडे बघून मान हलवायची आणि व्हॅनची किल्ली मागायची.

नोव्हेंबरात कुणीतरी फोन केला आणि पोलिस आले. म्हातारीला गाडीत का ठेवता, असा त्यांचा सरळ प्रश्न होता. गुरुनाथची बायको नीलांबरी पुण्याची, बोलायला स्पष्ट, पण मनानं वाईट नव्हे. ती म्हणाली, "गुरू, पुढच्या वीकमध्ये मायनस फिफ्टीन होणारे. आई अशाच बाहेर झोपल्या तर एके दिवशी सकाळी आपण दार उघडू आणि... मला नाही बघायचं ते. आत झोपणार असतील तर राहू देत, नाहीतर तिकीट प्रीपोन कर." तिचं चुकत नव्हतं. पण परत पाठवायचं तरी कुणाकडे? गावात सरकारनं बांधून दिलेलं घर होतं, आणि त्या घरापुढे पत्र्याची एक शेड, जिच्यात गिरजाबाई दहा वर्षं एकटी झोपत होती. आई एक रात्र आपल्या घरात, पांघरुणात, शांत झोपावी, एवढंच गुरुनाथला हवं होतं. दुसरं काही त्यानं त्या वर्षी देवाकडे मागितलं नाही.

कारण सगळ्यांना माहीत होतं आणि घरात कुणी ते काढत नसे. त्र्याण्णवच्या अनंत चतुर्दशीला किल्लारीच्या बाजूला जो भूकंप झाला, त्यात त्यांचं सोनजवळगा अख्खं बसलं. गणपती विसर्जन करून लोक दमून झोपले होते. दोन-दोन हात रुंदीच्या दगडी भिंती, वर मातीचं माळवद. गुरुनाथचे वडील शंकरराव, शाळेत मास्तर, जागीच गेले. गिरजाबाई अंगणात होती म्हणून वाचली. बारा वर्षांची धाकटी कादंबरी आतल्या खोलीत कणगीच्या आडोशाला अडकली.

ती लगेच गेली नाही, हे त्या घराचं दुःख. ढिगाऱ्याखालून तिचा आवाज येत होता, रांजणात तोंड घालून बोलावं तसा घुमलेला. गिरजाबाई वरून हाक मारायची, कादू, आणि खालून यायची, ओ. पाऊस लागला होता, दगड उचलायला माणसं नव्हती, जी होती ती आपापल्या ढिगाऱ्यावर बसली होती. पोरगी सारखी एकच विचारायची, दादा आला का? गिरजाबाई सांगायची, निघालाय, आलाच बघ. दादा पुण्यात हॉस्टेलवर होता. रस्ते तुडुंब, गाड्या अडलेल्या. तो पोचला तेव्हा आईच्या हाकेला ओ येणं बंद होऊन एक दिवस उलटला होता.

त्यानंतर गिरजाबाईनं ते नाव तोंडातून काढलं नाही. गुरुनाथला मात्र एक गोष्ट कुरतडत राहिली, आणि ती त्यानं नीलांबरीलाही सांगितली नव्हती. आईनं निदान ती ओ ऐकली होती. त्याला तीही मिळाली नाही.

शेजारच्या घरात सिरानुश नावाची एक आर्मेनियन बाई राहायची. पासष्टीची, अंगानं भरलेली, कायम काळा स्वेटर. थोरला मुलगा कॅलिफोर्नियात, नवरा वारलेला. तिचं इंग्रजी आणि गिरजाबाईचं इंग्रजी यांची बेरीज केली तरी एक वाक्य पुरं होत नसे. तरी ऑक्टोबरात दोघींचं असं जमलं, की सकाळी गुरुनाथ कामावर निघाला की आई कुंपण ओलांडून तिकडे. सिरानुश तेव्हा हिवाळ्याची बेगमी करत होती. काचेच्या बरण्यांत पीच, अंजीर, कोवळे अक्रोड, शेपू घातलेला कोबी. गिरजाबाईनं तिला शेंगांची चटणी कुटून दिली. पहिल्या दिवशी तेवढा एक गोंधळ झाला. गरम बरणीला झाकण लावलं, की थंड होताना त्या झाकणाचा मधला भाग टक् करून आत बसतो. ओट्यावर पाच-सहा बरण्या एकदम टकटकल्या, आणि उतरंडीची भांडी वाजली असं समजून गिरजाबाई अनवाणी अंगणात पळाली. सिरानुश तिच्यामागे धावली. आणि काय गंमत, तीही अनवाणीच होती.

तिची हकिगत गुरुनाथला कुंपणापाशी तुकड्या-तुकड्यांनी कळली. आर्मेनियात लोरी नावाचा डोंगराळ प्रांत आहे, सिरानुश तिथली. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर. त्या प्रांतातली झाडून सगळी गावं तिच्या बोटाखाली असायची. अठ्ठ्याऐंशीच्या डिसेंबरात, भर सकाळी, पोरं शाळेत असताना तिथं भूकंप झाला. भिंतींना तडे गेलेल्या त्या एक्स्चेंजमध्ये सिरानुश खुर्ची सोडून हलली नाही. एकेका गावाचं नाव घेऊन ती हाक मारत राहिली. काही गावांनी दुपारपर्यंत उत्तर दिलं, काहींनी संध्याकाळी. स्पितक, गोगारान, ज्राशेन, शिराकामूत इकडून काहीच आलं नाही. गोगारानला तिची आई होती, आणि आईकडे ठेवलेला धाकटा मुलगा.

तिच्या बेसमेंटमधल्या फळ्या त्या प्रांताप्रमाणे लावलेल्या होत्या. वर अलावेर्दीची अंजिरं, तिथं म्हणे ऊन असतं. मग ओद्झूनचं पीच, द्सेघचे अक्रोड, स्तेपानावानचा रास्पबेरी जाम. ज्या गावी जे पिकायचं ते, दरवर्षी, मिशिगनच्या बाजारातून आणून. आणि सगळ्यात खालची फळी बसलेल्या गावांची. तिथल्या बरण्या धुऊन-पुसून, झाकण लावून ठेवलेल्या, पण रिकाम्या. गिरजाबाईला हे कुणी समजावलं नव्हतं. तिला ते आपोआप कळलं होतं, असं गुरुनाथला नंतर वाटलं.

स्लीपिंग बॅग घेतली त्याच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी, बर्फ पडत होतं. सकाळ असूनही बाहेर संध्याकाळसारखा उजेड. आई नाश्ता करून शेजारी गेलेली बराच वेळ आली नाही, म्हणून गुरुनाथ आणायला गेला. सिरानुशचं स्वयंपाकघराचं दार नुसतं लोटलेलं होतं. आत कुणी नाही. बेसमेंटचा दिवा जिन्यावरून दिसत होता. तो दोन पायऱ्या उतरला आणि थांबला.

खाली सिरानुश फळ्यांसमोर ताठ उभी होती. एक हात कानाशी, ऑपरेटर धरतात तसा. गिरजाबाई तिच्या बाजूला, पदर डोक्यावरून घेऊन. गुरुनाथला तारीख आठवली. सात डिसेंबर, त्या लोकांच्या भूकंपाचा दिवस.

"आल्लो," सिरानुश हलक्या आवाजात म्हणाली, "आल्लो... अलावेर्दी."

वरच्या फळीवर एक झाकण वाजलं. टक्.

"आल्लो... ओद्झून."

टक्.

गुरुनाथ गाड्यांच्या वायरिंगमधला इंजिनिअर. त्यानं मनाला समजावलं, की फर्नेस सुरू आहे, बेसमेंट तापतंय, म्हणून झाकणं वाजताहेत. पण झाकण एकदा आत बसलं की बरणी उघडेपर्यंत परत वाजत नाही, हे आईनंच त्याला ऑक्टोबरात सांगितलं होतं. द्सेघ वाजलं. स्तेपानावान वाजलं. आणि मग खालची फळी आली.

"आल्लो... गोगारान."

फर्नेस बंद झाला होता. बर्फामुळे रस्त्यावरचाही आवाज नव्हता. सिरानुश थांबली. लाइनवर पलीकडचं माणूस उठून येईतो थांबतात, तशी धीरानं थांबली. बराच वेळ गेला. शेपूच्या आणि व्हिनेगरच्या वासात हळूहळू दुसराच एक वास मिसळला. तो वास ओल्या पांढऱ्या मातीचा होता. पाऊस पडल्यावर ढासळलेल्या माळवदाला येतो तो. हा वास त्याला एकाच ठिकाणी आला होता, आणि ते ठिकाण इथून अर्धं जग लांब होतं.

सिरानुशनं मान हलवली, पुढची नावं घेतली, प्रत्येकापाशी तेवढंच थांबली. उत्तर कुठूनच आलं नाही. शेवटी तिनं कानावरचा हात काढला आणि गिरजाबाईकडे पाहिलं. खालच्या फळीच्या टोकाला एक नवी बरणी होती. गिरजाबाईनं ती उचलली, झाकण काढलं आणि बरणीच्या तोंडाशी तोंड नेलं.

"सोनजवळगा..." ती म्हणाली. मग, दहा वर्षांत पहिल्यांदा, "कादू... ए कादू..."

काही नाही.

"कादंबरी... आगं, ओ दे की बाई..."

गुरुनाथला आईची पाठ तेवढी दिसत होती. ते दोन्ही खांदे आधी वर ओढलेले होते. ते हळूहळू खाली यायला लागले, तो ढिगाऱ्यापाशी पोचला त्या दिवशी होते तसे. त्याला ते बघवेना. सोनजवळग्यात लहान पोरांना पहिली शिकवण ही होती, की दुसऱ्याच्या नावाच्या हाकेला ओ द्यायची नाही, आणि गेलेल्याच्या नावाच्या तर कधीच नाही. मागाहून कुणाला काहीच होत नाही, कुणी आजारी पडतं, पण हाक ओ देणाऱ्याच्या मागे लागते म्हणतात. हे सगळं त्याला माहीत होतं. तरी त्यानं आवाज बारीक केला, तोंडावर तळवा आडवा धरला आणि म्हणाला, "ओ..."

बेसमेंटमध्ये तो आवाज घुमला. त्याचा त्यालाच ओळखू आला नाही. गिरजाबाई दचकली नाही, वळलीही नाही. गुरुनाथ मात्र पाय न वाजवता जिना चढून वर आला, दाराबाहेर पडला आणि बर्फात उभा राहून रडला.

थोड्या वेळानं आई आली. हातात ती बरणी, झाकण लावलेली. मिनीव्हॅनकडे तिनं ढुंकूनही पाहिलं नाही. सरळ घरात आली, बरणी ओट्यावरच्या फळीवर ठेवली, नात शिवांगीच्या खोलीत गेली आणि त्या पाच वर्षांच्या पोरीच्या छोट्या पलंगावर पाय पोटाशी घेऊन आडवी झाली. नीलांबरी दारातून बघत राहिली. दुपार गेली, रात्र गेली. गिरजाबाई घोरत होती. शिवांगीनं येऊन विचारलं, "आजी इज ओके?" तेव्हा नीलांबरीनं तिला कुशीत घेतलं. नवी कोरी स्लीपिंग बॅग दुकानात परत गेली.

आपण एवढंसं खोटं बोललो आणि आई झोपली, असं गुरुनाथला वाटत होतं, आणि त्याची लाजही वाटत होती. आठवड्यानं सिरानुश कुंपणापाशी भेटली. तिला सगळं कळलं होतं, पण ती रागावली नव्हती. तिनं आपल्या मोडक्या इंग्रजीत एवढंच सांगितलं, की एक्स्चेंजमध्ये नव्या मुलींना एकाच गोष्टीवरून बोलणी बसायची. दुसऱ्याच्या लाइनवर चुकून बोलली तरी चालेल, पण आल्लो म्हटल्यावर लाइन सोडून जायचं नाही. पलीकडचं माणूस तेव्हा कुठं बोलायला लागतं. गुरुनाथनं मान डोलावली. त्या वेळी त्याला त्यातलं फारसं समजलं नाही.

मार्चमध्ये आई परत निघाली. जाताना तब्येत सुधारलेली, गालांवर तुकतुकी. विमानतळावर नीलांबरी आणि शिवांगी सामानाच्या रांगेत उभ्या होत्या, तेव्हा गिरजाबाईनं लेकाला बाजूला घेतलं. ती बरणी तुझ्याकडंच राहू दे, असं म्हणाली. उघडू नको. मग म्हणाली, "त्या दिवशीची पयली ओ तुजी व्हती."

गुरुनाथला तोंड वर करता येईना.

"आईला लेकराचा आवाज कळत न्हाई व्हय रं? म्या वळले न्हाई, तुला वाईट वाटंल म्हणून."

"आई... पहिली म्हणजे?"

"तू जिना चढून गेलास ना, तवा तिनं दिली की. तुजी ऐकूनच दिली." गिरजाबाईचा चेहरा फार शांत होता. "म्हणली, दादा आला का? म्या म्हणलं, आलाय बाई, हे काय, हितंच हुता..."

तिनं त्याच्या कानशिलांवरून हात फिरवले आणि आपल्या कानशिलाशी बोटं कडाकडा मोडली, सगळी पीडा स्वतःवर घेतल्यासारखी. रांग पुढे सरकली. गुरुनाथची ती ओ दुसऱ्यांदा चुकली होती, आणि या वेळी रस्ते अडलेले नव्हते.

त्या दिवाळीत गिरजाबाई गावच्या घरात, पत्र्याच्या शेडमध्ये नव्हे, घरात, छपराखाली झोपेतच गेली. शेजारणीनं फोनवर सांगितलं, की चेहऱ्यावर जराही त्रास नव्हता. गुरुनाथ जाऊन सगळं उरकून आला.

परत आल्यावर तो त्या बरणीकडे रोज बघू लागला. रिकामी बरणी, थंडच, नुसती फिरकी देऊन बंद केलेली. तिचं झाकण आत बसायला काहीच कारण नव्हतं. तरी ते आत बसलेलं होतं, घट्ट. नीलांबरी म्हणाली, आईंची आठवण आहे, असू दे तिथंच.

दोन हजार पाचच्या एका रविवारी, दुपारच्या जेवणाची ताटं वाढून झाली होती. नीलांबरी दुकानात गेली होती. गुरुनाथनं स्वयंपाकघरातून वर हाक मारली, "शिवांगी..."

"कमिंग, बाबा," वरून आवाज आला. सात वर्षांची शिवांगी धडाधडा जिना उतरली आणि शेवटच्या पायरीवर थबकली. तिच्या कपाळाला आठी होती, खेळात कुणी लबाडी केल्यावर पडते तशी.

"बाबा, व्हाय डझ शी ऑल्वेज से ओ बिफोर मी?"

"कोण?"

"दॅट गर्ल. तू माझं नाव घेतलंस ना, की शी सेज ओ. एव्हरी टाइम. मी फर्स्ट म्हणायच्या आधीच."

गुरुनाथनं हातातला डाव खाली ठेवला. घर शांत होतं. त्यानं कान दिला, सगळं अंग कान करून ऐकलं. फ्रिजची घरघर होती, खिडकीबाहेर एक गाडी गेली. बाकी काही नाही. मग तो अगदी हळू, शिवांगीला ऐकू जाईल न जाईल असा म्हणाला, "कादू..."

त्याला काही ऐकू आलं नाही.

"सी?" शिवांगी म्हणाली. "नाऊ शी इज आस्किंग समथिंग." तिनं मान तिरकी करून नीट ऐकलं. तिचं मराठी जेमतेम, त्यामुळे ते तीन शब्द तिनं एकेक करून, जपून म्हटले. "दादा... आला... का. हू इज दादा, बाबा?"

गुरुनाथ ओट्याशी गेला. त्यानं दोन्ही हात बरणीच्या फळीवर टेकले. "मी," तो म्हणाला. "आलोय गं. आलोय मी." आणि या वेळी तो तिथून हलला नाही. शिवांगी मागून म्हणत राहिली, की बाबा, लाउडर, शी कान्ट हिअर यू. जेवण निवून गेलं. बाहेर नीलांबरीच्या गाडीचं दार वाजलं तरी तो तसाच उभा होता, एक तळवा बरणीवर ठेवून. कानांना काहीच ऐकू येत नव्हतं. तळव्याखाली मात्र ते घट्ट बसलेलं झाकण सावकाश वर येत होतं, आणि सावकाश खाली जात होतं.